फादर होऊन टेक्नॉलॉजीच्या माध्यमात काम करता येतं का?

तू विचारलंस ते थोडक्यात असं: कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष चालू आहे, येशूसंघात (जेझुइट फादरांच्या संघात) जावं असं दोन वर्षं मनात घोळतंय. अमेरिकेतले फादर रॉबर्ट बॅलेसर धर्मगुरूंची पांढरी कॉलर घालून टेक्नॉलॉजीचे शो करायचे, ते पाहिल्यापासून आपणही असंच काही करावं असं वाटतंय. पण हे खरंच धर्मगुरूचं काम आहे का, परवानगी कोण देतं, पैसे कोणाला जातात? आणि शेवटी आईचं वाक्य: "शेवटी मिस्साच सांगायची होती, तर बारावीनंतरच जायचं ना, चार वर्षांची फी कशाला भरली?"

आईचा हिशेब मला पटतो. माझ्या वडिलांनीही माझ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाबद्दल हेच विचारलं होतं. त्यांना तेव्हा जे सांगता आलं नाही ते आता तुला सांगतो. मी येशूसंघीय नाही, धर्मप्रांतीय फादर आहे, म्हणजे थेट बिशपांच्या हाताखाली काम करणारा. चोवीस वर्षं झाली. त्यातली सतरा वर्षं चर्चच्या कामाबरोबर हेही चाललंय: मासिकात तंत्रज्ञानाचं सदर, मिस्सांचं (चर्चमधल्या मुख्य उपासनेचं) प्रक्षेपण, आणि फोन, ॲप, फसवणूक यांवर मराठीत छोटे व्हिडिओ. त्यामुळे आतून दिसतं तसं लिहितो.

आधी बॅलेसरांबद्दल. लोकांना त्यांची कॉलर लक्षात राहते. मला लक्षात राहिलं ते वेगळं. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमाला लिओ लापोर्ट यांचं ट्विट नावाचं पॉडकास्ट नेटवर्क होतं. तिथे बॅलेसर 'धिस वीक इन एंटरप्राइझ टेक' हा शो करायचे. कंपन्यांचे सर्व्हर, स्विच, स्टोरेज, डेटा सेंटर असा तो विषय. जगात याहून कोरडा विषय शोधावा लागेल. पण समोर बसलेले पाहुणे त्या धंद्यात मुरलेले असायचे आणि 'पाद्रे' बॅलेसर त्यांना बरोबरीनं प्रश्न विचारायचे. प्रोग्रॅमिंग शिकवणारा 'कोडिंग १०१' आणि हातानं वस्तू जोडायला शिकवणारा 'नो हाउ' हेही त्यांचेच. त्या तासाभरात प्रवचन नसायचं. तू पुन्हा एकदा एखादा भाग बघ आणि देवाचं नाव किती वेळा येतं ते मोज. (कॉलरचा एक फायदा मात्र मी स्वतः घेतो: कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स लावायला पांढरा कागद शोधावा लागत नाही.)

मग त्यात धर्मगुरूचं काय? याचं उत्तर मला २०१९च्या ऑक्टोबरमधल्या एका प्रकरणात सापडलं. ते जरा खोलात सांगतो, कारण तू इंजिनिअर होणार आहेस.

त्या महिन्यात व्हॅटिकनमध्ये 'क्लिक टू प्रे ई-रोझरी' नावाची वस्तू बाजारात आणली. मनगटात घालायची दहा मण्यांची जपमाळ, तिला छोटा क्रूस, क्रूसाच्या आत चिप. क्रूसाची खूण केली की फोनवरचं ॲप सुरू होतं आणि रोझरीची, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेची, रहस्यं (मनन करायचे प्रसंग) पुढे सरकतात. किंमत ९९ युरो. शिवाय चाललेली पावलं मोजायची सोय, म्हणजे ॲपमध्ये वापरणाऱ्याची उंची, वजन, जन्मतारीख हीसुद्धा माहिती. लॉग-इन करायला पासवर्ड नव्हता. ईमेल पत्ता टाकायचा, सर्व्हर त्या पत्त्यावर चार आकडी पिन पाठवणार, तो टाकायचा. कल्पना वाईट नाही. गोम अशी की सर्व्हर तो पिन ईमेलनं पाठवत होताच, वर ॲपला जे उत्तर जायचं त्यातही तोच पिन लिहिलेला असायचा. बँकेत तुझं नाव सांगून कोणी तिऱ्हाईत आला, आणि कारकुनानं तुझ्या मोबाइलवर ओटीपी पाठवता पाठवता तोच आकडा चिठ्ठीवर लिहून त्याच्याही हातात दिला, असा प्रकार. फक्त ईमेल पत्ता माहीत असला आणि ॲप आणि सर्व्हरमधलं बोलणं वाचता आलं, की दुसऱ्याच्या खात्यात शिरता येत होतं.

सुरक्षा तपासणाऱ्यांनी एक-दोन दिवसांत हे शोधून काढलं. आता विचार कर, फ्रान्समध्ये बसलेल्या एका सिक्युरिटी संशोधकानं हे सांगायचं तरी कोणाला? व्हॅटिकनचा फोन नंबर फिरवून "तुमच्या एपीआयच्या उत्तरात पिन गळतोय" असं सांगितलं (एपीआय म्हणजे ॲप आणि सर्व्हरची एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत) तर पलीकडचा माणूस काय समजणार? तिथे त्या मंडळींना उत्तर द्यायला पुढे आले ते बॅलेसर. तोवर ते रोमला गेले होते. त्यांना एपीआय काय, गळती काय, आणि अशा वेळी संशोधकावर डाफरायचं नसतं तर आभार मानायचे असतात, हे सगळं ठाऊक होतं. दुरुस्ती लगेच झाली.

बॅलेसरांच्या त्या कोरड्या शोंच्या वर्षांचं चीज इथे झालं, असं मला वाटतं. सर्व्हर आणि स्विचवर बोलून त्यांनी या जमातीत ओळख कमावली होती, आणि त्या ओळखीमुळे चर्चच्या दारात उभ्या असलेल्या परक्या माणसाला दार उघडणारं कोणीतरी मिळालं. त्याच वर्षी त्यांनी माइनक्राफ्टचा सर्व्हर काढला, मुलांना शिवीगाळ नसलेली खेळायची जागा मिळावी म्हणून. बातम्या त्याच्याच जास्त झाल्या. सर्व्हर सुरू होताच गर्दीनं आणि हल्ल्यांनी बेजार झाला. मला स्वतःला पिनचं प्रकरण जास्त मोलाचं वाटतं, पण तुझ्या वयाच्या मुलांना माइनक्राफ्टच आठवतो, चालायचंच.

आता "हे धर्मगुरूचं काम आहे का" हा प्रश्न. तो नवा नाही आणि आपल्या मातीत तर मुळीच नवा नाही. भारतात छपाईचं पहिलं यंत्र १५५६ साली गोव्यात उतरलं, ते येशूसंघीयांबरोबर. खरं तर ते निघालं होतं ॲबिसिनियाला (आजच्या इथिओपियाला), वाटेत गोव्यात राहिलं ते राहिलंच. ख्रिस्तपुराण लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स तुला शाळेत भेटले असतील. इंग्लंडचा माणूस, मराठीत सुमारे अकरा हजार ओव्या. तो ग्रंथ १६१६ साली छापला गेला तो रोमन लिपीत. का? छपाईसाठी देवनागरी अक्षरांचे खिळेच नव्हते. स्टीफन्सनी १६०८ साली रोमला येशूसंघाच्या प्रमुखांना, फादर क्लाउदियो आक्वाविवांना, एक पत्र लिहिलं. त्यात म्हटलं होतं की इथल्या लोकांच्या भाषेत आणि त्यांच्याच लिपीत पुस्तक छापावं ही किती वर्षांची इच्छा आहे, पण दोन अडचणी आहेत. एक, युरोपात चोवीस अक्षरांवर भागतं, इथे जोडाक्षरं, काना-मात्रा धरून सहाशे साचे लागतील. दोन, प्रांतप्रमुखाच्या (त्या भागातल्या येशूसंघाच्या वरिष्ठाच्या) हुकमाशिवाय हात घालता येत नाही, आणि त्यांच्यामागे इतके व्याप आहेत की या गोष्टीला वेळ नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्यानं हसलो होतो. चारशे वर्षांपूर्वी माणूस फॉन्टचा प्रश्न घेऊन बसलाय, आणि वरिष्ठांच्या टेबलावर फाइल पडून आहे! माझ्या मासिकात युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर सारखी दिसणारी मराठी अक्षरं) यायला जी वर्षं लागली त्यातही हीच दोन कारणं होती, याच क्रमानं. स्टीफन्सना खिळे मिळाले नाहीत. म्हणून ते थांबले का, तर नाही. रोमन तर रोमन, मराठी ओवी छापून घेतली.

दुसरा माणूस इटलीचा, फादर रोबेर्तो बुसा. त्यांना मध्ययुगातले धर्मपंडित संत थॉमस अक्विनास यांच्या सगळ्या लिखाणातला शब्द न् शब्द कुठे कुठे आलाय याची सूची करायची होती. एक कोटीहून जास्त शब्द. हातानं कार्डं लिहून आयुष्य पुरलं नसतं. १९४९ साली ते न्यूयॉर्कला आयबीएमच्या थॉमस वॉटसनना भेटायला गेले. बाहेर बसले असताना भिंतीवर कंपनीचं घोषवाक्य दिसलं, अवघड काम आम्ही लगेच करतो, अशक्याला थोडा वेळ लागतो, अशा अर्थाचं. वॉटसन म्हणाले, तुम्ही मागता ते आमच्या यंत्रांना जमणार नाही. बुसांनी तेच घोषवाक्य त्यांच्यापुढे धरलं. वॉटसन हसले आणि तयार झाले. अट एकच, आयबीएममधल्या बीचा अर्थ बुसा होता कामा नये. ही गोष्ट बुसा स्वतःच रंगवून सांगायचे. सूचीचे छपन्न खंड व्हायला तीसेक वर्षं गेली. भाषा आणि कॉम्प्युटर यांच्या अभ्यासाचा इतिहास आज लोक त्यांच्यापासून सांगायला सुरुवात करतात. मिलानजवळ गालारातेला शेकडो कार्डं रोज पंच करणाऱ्या तरुण मुली होत्या, त्यांची नावं मात्र फार उशिरा कोणी विचारली. आपल्या चर्चमध्येही असंच होतं, फादरचा फोटो छापून येतो आणि केबल ओढणारी पोरं फोटोबाहेर.

व्हॅटिकन रेडिओ मार्कोनींनी उभा केला, १२ फेब्रुवारी १९३१ला सुरू झाला, चालवायला दिला तो येशूसंघालाच. बाकी यादी वाढवत नाही.

परवानगी आणि पैसे. इथे तुझ्या डोक्यात थोडा गोंधळ आहे, तो आईसाठीसुद्धा सोडवायला हवा. माझ्यासारखा धर्मप्रांतीय फादर बिशपांना आज्ञापालनाचं वचन देतो, पण गरिबीचं व्रत घेत नाही. मला दरमहा ठरलेला भत्ता मिळतो, लेखाचं मानधन आलं तर ते माझं, मी त्याचा मायक्रोफोन घेतो किंवा भाचीची फी भरतो. येशूसंघीयाचं तसं नाही. तो गरिबीचं व्रत घेतो, आणि चर्चच्या कायद्यानुसार, कॅनन ६६८, त्यानं कष्टानं जे काही मिळवलं ते संघाचं होतं. शोचं मानधन, पुस्तकाची रॉयल्टी, सगळं. त्याला हवा तो लॅपटॉप तो मागतो आणि संघ ठरवतो. इंजिनिअरच्या पहिल्या पगाराची वाट बघणाऱ्या घराला हे आधीच नीट कळलेलं बरं.

परवानगीचं: श्रद्धा आणि नीती यांवर छापायचं असेल तर संघातल्या माणसाला वरिष्ठांची परवानगी लागते, कॅनन ८३२. राउटरवर लिहायला कॅनन लागत नाही. पण तू दिवसाचे आठ तास राउटरवरच बोलणार असशील तर ते तुझं नेमलेलं काम व्हावं लागतं, आणि ते नेमतो प्रांतप्रमुख. येशूसंघात दरवर्षी प्रांतप्रमुख प्रत्येकाशी एकट्यानं बोलतात. मनात काय आहे, कशात जीव रमतो, कशाचा त्रास होतो, ते सगळं त्यांच्यापुढे मोकळं करायचं असतं. तुझी आवड तिथे सांगायची. सांगितल्यावर ते तुला एखाद्या आदिवासी पाड्यावरच्या शाळेत पाठवू शकतात, आणि तू जायचं असतं.

रिव्ह्यूच्या वस्तूंचा प्रश्न तू विचारला नाहीस, पण तो येईलच. कंपनी फोन पाठवते, पंधरा दिवस वापरायचा, परत पाठवायचा. एकदा एकांनी "फादर, ठेवून घ्या, चर्चला भेट समजा" असं गोड बोलून सांगितलं. मी कुरिअरच्या पावतीचा फोटो पाठवला. साधूपणा म्हणून नव्हे. वाचकाला एकदा जरी वाटलं की फादरच्या खिशातला फोन फुकटचा आहे, तर पुढच्या रविवारी माझं प्रवचनही तो त्याच कानांनी ऐकणार.

रोजचं काम कसं असतं? नव्वद टक्के केबल. २०२०च्या लॉकडाउनमध्ये चर्चची दारं बंद झाली आणि सगळ्यांना एकदम प्रक्षेपण हवं झालं. आमच्याकडे होता एक मोबाइल, एक ट्रायपॉड आणि गायकवृंदाच्या माळ्यावरचा जुना मिक्सर. पहिल्या रविवारी मिस्सेच्या ऐन मध्यावर त्या मोबाइलवर माझ्या मावशीचा फोन आला, "अरे, दिसत नाहीये काही." फोन आल्यामुळेच प्रक्षेपण तुटलं होतं. तेव्हापासून प्रक्षेपणाच्या फोनमध्ये सिम ठेवत नाही. मग आवाजातली घरघर. मिक्सर एका प्लगवर, लॅपटॉप पन्नास फूट लांब दुसऱ्या प्लगवर, दोन्हींच्या अर्थिंगमधल्या फरकामुळे हा घरघरणारा आवाज. दोन्ही एकाच बोर्डावर आणले तेव्हा बराच कमी झाला. मग चित्र मागे आणि आवाज पुढे. त्यासाठी वेदीपाशी उभं राहून टाळी वाजवायची आणि टाळीचा आवाज हात जुळताना ऐकू येईपर्यंत उशीर वाढवत न्यायचा. एका अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी होती आणि धाकटा मुलगा कतारमध्ये अडकलेला. आई गेली होती. प्रक्षेपण नीट चाललं. संध्याकाळी त्याचा फोन आला. तो मिस्सेबद्दल काही बोलला नाही. "फादर, घंटा ऐकू आली," एवढंच म्हणाला. गावातली ती घंटा, जी तो लहानपणापासून ऐकत होता. मी नशिबानं त्या दिवशी एक माइक खिडकीकडे तोंड करून ठेवला होता, तोही घरघर टाळायला.

आणि फसवणूक. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी माझाच फोटो लावून व्हॉट्सॲप खातं उघडलं आणि चर्चमधल्या बायकांना निरोप पाठवले, "मी मीटिंगमध्ये आहे, एका आजारी मुलासाठी लगेच पैसे हवेत." एका आजींनी नऊ हजार पाठवले. (कुमसारात, म्हणजे पापनिवेदनात, ऐकलेलं नव्हे हे, त्या स्वतः कचेरीत येऊन सांगून गेल्या, आणि सगळ्यांना सांगा म्हणाल्या.) मी विचारलं, संशय नाही आला? त्या म्हणाल्या, "आला ना. तुम्ही कधी 'प्लीज' म्हणत नाही. पण फादरवर संशय कसा घेणार?" पुढच्या रविवारी घोषणांच्या वेळी मी दहा मिनिटं यावरच बोललो: १९३० हा नंबर, पैसे गेल्यावर पहिल्या तासात फोन करण्याचं महत्त्व, आणि फादर पैसे मागत असेल तर आधी त्याला शिव्या घाला. हसले सगळे. पण त्या महिन्यात आणखी तिघांनी पैसे पाठवायच्या आधी मला फोन केला.

मर्यादाही सांगतो. पडद्यावरून संस्कार, म्हणजे पापनिवेदनासारखे चर्चचे पवित्र विधी, होत नाहीत. व्हॅटिकननं २००२ सालीच इंटरनेटविषयीच्या एका दस्तऐवजात हे स्वच्छ लिहिलं. फोनवर पापनिवेदन घेता येत नाही, कितीही एन्क्रिप्शन असो. २०२४च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या 'कॅथलिक आन्सर्स' या संस्थेनं 'फादर जस्टिन' नावाचा एआय चॅटबॉट काढला, पडद्यावर काळा झगा आणि कॉलर घातलेला. लोकांनी प्रश्न विचारून विचारून त्याला बोलतं केलं, तर तो स्वतःला खराखुरा फादर म्हणवायला लागला आणि पापक्षमाही द्यायला लागला. काही दिवसांत त्याची कॉलर काढून त्याला साधा 'जस्टिन' करावं लागलं. आमच्या फादरांच्या ग्रुपवर तेव्हा विनोदांचा पूर आला होता, की इतक्या लवकर पुरोहितपद कोणाचंच गेलं नसेल. मी हसलो, पण मला ती चूक कळते. उत्तरं देणं म्हणजे फादरचं काम, असा समज त्यामागे आहे. ज्याला प्रश्नोत्तरांपलीकडचं काही करायचं नाही, त्यानं कॉलर कशाला घालायची? बॉटपेक्षा चुका तोही कमी करणार नाही.

म्हणून तुला माझं सांगणं असं. डिग्री पूर्ण कर, शेवटच्या सेमिस्टरपर्यंत, केटी न ठेवता. येशूसंघात दोन वर्षं नवदीक्षा, मग पहिली व्रतं, तत्त्वज्ञान, मध्ये कामाचा काळ, मग ईशज्ञान (धर्मशास्त्र). पुण्यातल्या ज्ञानदीपला, जिथे फादर होणारे शिकतात, तुझ्यासारखे इंजिनिअर, सीए, नर्सिंग केलेले भेटतील. पुरोहितदीक्षेपर्यंत दहा वर्षं सहज जातात, जास्तच. आज तू ज्या प्रोसेसरवर फिदा आहेस तो तोवर भंगारवाल्याकडे असेल. बॅलेसरांचा शो आवडतो म्हणून जाणार असशील तर जाऊ नकोस. शो करायला कॉलर लागत नाही, कॅमेरा लागतो. पाड्यावरच्या शाळेत पाठवलं आणि तिथे नेटवर्कच नसलं तरी राहीन, असं वाटत असेल तर प्रांतप्रमुखांना भेट. मुंबईला झेवियर्सच्या आवारात येशूसंघाची संज्ञापन शिकवणारी संस्था १९६९पासून आहे. तिथे शिकवणाऱ्या-शिकणाऱ्यांशी बोल, तुला या कामाचा दुसरा चेहराही दिसेल.

आईला सांग, फी वाया जात नाही. बुसांचे कष्ट वाया गेले नाहीत, माझा डिप्लोमाही गेला नाही, वडिलांनी शेवटची पाच वर्षं घरी बसून मिस्सा पाहिली ती मीच ओढलेल्या वायरीवरून.

या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर गायकवृंदाच्या माळ्यावर ये. मिक्सरच्या तिसऱ्या चॅनेलमध्ये पुन्हा घरघर सुरू झाली आहे आणि या वेळी अर्थिंग नाही, मी तपासलंय. घरी सोल्डरिंगची गन असेल तर घेऊन ये, आमची मागच्या पावसात गेली.